मनोरा नको, मामा हवा!

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : नागपूरच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत. धाकटा दीड वर्षाचा. मुलीच्या मामाने वाढदिवसाला लाकडी ठोकळ्यांचा शंभर नगांचा चांगला, महागडा संच दिला. संचाच्या खोक्यावर किल्ले, पूल, मनोरे यांची चित्रं आहेत, पण मुलगी त्यातलं काहीच बांधत नाही. ती ठोकळ्यांची माणसं करते. आडव्या नळकांड्यावर छोटा चौकोनी ठोकळा ठेवला की तो ‘ढेरपोट्या मामा’. दोन पट्ट्या उभ्या करून वर त्रिकोण ठेवला की ‘चिडकी आत्या’. कमान नुसती ठेवली की ‘वाकलेली आजी’. मग तासन् तास त्यांची आपसात भांडणं, लग्नं, बाजारहाट. वडील इंजिनिअर आहेत. त्यांना वाटतं, ठोकळ्यांनी गणित आणि रचना पक्की व्हायला हवी, ही तर पुन्हा भातुकलीच. चुलत भाऊ चित्र बघून हुबेहूब पूल उभा करतो, तो वेगळाच सल. एकदा मामा घरंगळतोय असं बघून आजीने मागे आधाराला ठोकळा लावला, तर मुलीने सगळं मोडून टाकलं आणि रडत म्हणाली, “मामा लोळतोच!” आता ती स्केचपेनने ठोकळ्यांवर डोळे काढायचा हट्ट करते आहे आणि रात्री माणसं आवरू देत नाही. आईचे प्रश्न असे : तिला नीट बांधायला शिकवावं का? नाहीतर हाच कल धरून ऑनलाइन ‘कॅरेक्टर डिझाइन’च्या वर्गात घालावं का? ठोकळ्यांवर रंगवू द्यावं का? आणि धाकट्याचं काय करावं?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे. “मामा लोळतोच!” त्या दोन शब्दांत तुमच्या लेकीने तिचं सगळं काम सांगून टाकलंय. आजींना दिसला तो घसरणारा ठोकळा, आणि त्यांनी प्रेमाने तो सावरला. लेकीला मात्र दिसत होता एक माणूस, ज्याचा स्वभावच लोळण्याचा आहे. नळकांडं गोल असतं, सपाटीवर ठरत नाही, हे तिने हाताने पारखलं आणि त्या गुणातून मामा घडवला. आधार लावल्याबरोबर मामा संपला, उरला नुसता ठोकळा. रडू त्याचं होतं. त्याला हट्ट समजू नका.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : बांधकाम हा ठोकळ्यांचा खरा उपयोग आणि माणसं करणं म्हणजे वेळ घालवणं. ही समजूत तुमच्या एकटीची नाही. खोक्यावरची चित्रंच ती आपल्या मनात भरवतात. पण ठोकळ्यांचा इतिहास पाहिला तर ही विभागणी टिकत नाही. बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांसाठी लाकडी ठोकळ्यांचे संच केले. त्यांच्या एका संचात फक्त आठ घन असतात, जुळवले की एक मोठा घन होतो. त्याच आठांतून मुलाने गणितातल्या रचना कराव्यात, सुंदर नक्षी मांडावी, आणि खुर्ची, विहीर, घर अशा रोजच्या जगण्यातल्या वस्तूही कराव्यात, हे त्यांना अपेक्षित होतं. गणित आणि गोष्ट त्यांनी एकाच खोक्यात ठेवली होती.

पुढे न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट यांनी आज जगभरच्या बालशाळांत दिसणारे मापाचे ठोकळे घडवले. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड. म्हणजे चारास दोनास एक. बाकीचे तुकडे त्याच्या निम्मे, दुप्पट, चौपट. प्रॅट बाईंनी १९१४ मध्ये शाळा सुरू केली, त्या शाळेत मुलं ठोकळ्यांनी बंदरं, रस्ते, दुकानं उभारायची ती त्यात कोणीतरी राहावं, काहीतरी घडावं म्हणून. न्यूयॉर्कमध्येच हॅरिएट जॉन्सन यांनी मुलं ठोकळ्यांशी कशी खेळतात हे वर्षानुवर्षं पाहून १९३३ मध्ये त्याचे टप्पे मांडले. मूल आधी ठोकळे नुसते इकडून तिकडे नेतं. मग रांगा आणि मनोरे, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून पूल, मग कुंपण, मग नक्षी. आपण रचलेल्याला नाव देऊन त्यात नाटक खेळणं हे सगळ्यात शेवटी येतं. ही काही परीक्षेची इयत्ता नव्हे, मुलं या टप्प्यांत मागेपुढे करतात. पण तुमची लेक बांधायला न शिकल्यामुळे माणसं करत बसली आहे, हा समज काढून टाका. खरं तर ती बरंच पुढचं काहीतरी करते आहे.

तिच्या बाबांसाठी हे थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यांची काळजीही खोटी नाही. ठोकळ्यांना सांधे नसतात, खिळा नाही, गोंद नाही. माणसाला हात द्यायचे तर खांद्यावर एक पट्टी आडवी ठेवावी लागते. पट्टी एका बाजूला जास्त गेली की ती खाली येते. मग मूल दोनपैकी एक करतं. पट्टी मधोमध सरकवतं, म्हणजे गुरुत्वमध्य शोधतं. नाहीतर आखूड बाजूवर काहीतरी ठेवतं, म्हणजे तोल साधतं. आणि इथेच गंमत आहे : तोलासाठी ठेवलेला तो तुकडा लगेच ‘पिशवी’ होतो. आता हा माणूस बाजारातून येतोय, पिशवी जड आहे, तो चिडलाय. भौतिकशास्त्रातून स्वभाव आला. चिडक्या आत्याच्या दोन उभ्या पट्ट्या जवळ ठेवल्या तर ती ताठ पण डळमळीत, लांब ठेवल्या तर फेंगडी पण पक्की. तुमच्या लेकीने हे दोन्ही करून पाहिलं असणार. बाबांनी एक दिवस काही न बोलता शेजारी जमिनीवर बसून पाहावं. निम्मे, दुप्पट, तोल, समतोल हे सगळं तिथे चाललेलं दिसेल, फक्त त्याला आत्या आणि मामा अशी नावं आहेत.

चुलत भावाचा पूलही उत्तमच आहे. चित्र वाचून तसं उभं करणं हे एक कौशल्य आहे, आणि चित्र नसताना काय उभं करायचं हे ठरवणं हे दुसरं. दोघांची तुलना थांबवा, निदान मुलांच्या कानावर पडेल अशी तरी करू नका.

आता डोळ्यांचा प्रश्न. आपल्याला वाटतं चेहरा काढला की पात्र तयार झालं. माझं मत नेमकं उलट आहे, आणि त्याला आधार आहे. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरियन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत लोकांना दाखवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारा एक चौकोन, एवढंच. नाक नाही, डोळे नाहीत. तरी बघणाऱ्यांनी मोठ्या त्रिकोणाला दांडगट ठरवलं, वर्तुळ घाबरलंय म्हणाले, पाठलागाची नि सुटकेची कथा सांगितली. हालचाल आणि आकार एवढ्यावर माणूस उभा राहतो.

आणि हे समजायला तितक्या लांब जायची गरजही नाही. वारली चित्र आठवा. डोकं म्हणजे वर्तुळ, धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, हातपाय म्हणजे रेघा. चेहरा बहुधा कोराच. तरी कोण तारपा वाजवतोय, कोण नाचतंय, कोण वाकून कांडतंय हे आपण क्षणात ओळखतो, ते कंबरेच्या बाकावरून आणि पायांच्या अंतरावरून. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं लेकीला जरूर दाखवा, आणि दाखवताना समजावून सांगू नका. तिची ती ओळखेल.

आपली जुनी लाकडी ठकीही अशीच. एका लाकडातून कोरलेली, हात अंगाला चिकटलेले, फार कोरीवकाम नाही. तिने कितीतरी पिढ्यांच्या मुलींना पुरेसं माणूसपण दिलं, कारण उरलेलं मुली स्वतः भरायच्या. ठोकळ्यावर हसरे डोळे कायमचे काढले की तो ठोकळा उद्या रडू शकत नाही, आणि परवा खिडकी किंवा पायरीही होऊ शकत नाही. म्हणून संचातल्या ठोकळ्यांवर स्केचपेन नको, असं मला वाटतं. ते महाग आहेत हे कारण तिला सांगू नका, “हा ठोकळा उद्या दुसरं कोणी होणार आहे ना?” असं विचारा. शिवाय पॉलिश नसलेल्या लाकडात शाई मुरते, ती निघत नाही.

पण नुसता नकार देऊन भागणार नाही. तिला सजवायचं आहे, ती ओढ खरी आहे. तुमच्याकडे तान्हा पोळा होतो. लाकडी नंदीला झूल, माळा, बेगड लावून मुलं मिरवतात आणि सण झाला की ते उतरवून नंदी पुन्हा कोरा होऊन कपाटात जातो. तोच रिवाज ठोकळ्यांना लावा. डोळ्यांना टिकल्या वापरा. लहानमोठ्या, काळ्या, लाल अशा सगळ्या आणून द्या, त्या निघतात आणि भुवईच्या जागी तिरप्या लावल्या की आत्या आणखी चिडते. पदराला कापडाची चिंधी, शेंडीला लोकर, फेट्याला जुन्या साडीची किनार. नाकासाठी कणकेचा गोळा चालतो, खेळ झाल्यावर लगेच पुसून घ्या.

आणि कायमचं रंगवायचं असेल तर त्यासाठी वेगळे तुकडे आणा. जवळच्या सुताराकडे किंवा फर्निचरच्या कारखान्यात सागवानाचे, आंब्याचे तुकडे पडलेले असतात, बहुतेक जण हसत देतात. प्लायवूड आणि एमडीएफचे तुकडे टाळा, त्यांच्या कडा सुटतात, कुसळं निघतात आणि आत गोंद असतो. माल पाठवायच्या लाकडी पेट्यांच्या फळ्या घ्यायच्या झाल्या तर आधी शिक्का पाहा. ‘एमबी’ असं इंग्रजी अक्षरांत असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात नको. ‘एचटी’ म्हणजे फक्त उष्णतेने प्रक्रिया केलेलं. तुकडे आधी भरड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासायचे, धारा आणि कोपरे गोल करायचे. हे काम बाबांनी आणि लेकीने मिळून करावं. मापही त्यांनीच ठरवावं, चारास दोनास एक. बाबांना हवं ते गणित इथे आपोआप येईल, पण ते शिकवतोय असं न दाखवता.

आता ‘कॅरेक्टर डिझाइन’चा वर्ग. या वयाला, पडद्यावरून, माझं उत्तर आज तरी नाही. तुमचा हेतू चांगला आहे, तिच्या आवडीला दिशा मिळावी असं तुम्हाला वाटतं. पण अशा वर्गांत बहुधा सगळ्यांनी एकच बाहुली, एकाच पायऱ्यांनी करायची असते. तुमच्या लेकीकडे पात्रांची कमतरता नाही. तिला हवी जागा, सलग वेळ आणि कधीतरी ऐकणारा कान. नऊ-दहा वर्षांची झाल्यावर तिने स्वतः मागितलं तर पाहा, आणि तेव्हाही मुलांनी केलेली कामं आधी बघून घ्या. सगळी सारखी दिसली तर परत या.

तोवर घरात करता येण्याजोगे दोन खेळ सांगते. पात्रं घडवणारे मोठे कलाकार जे करतात त्याच्या हे खेळ खूप जवळचे आहेत, आणि तुमच्यासारखी इतरही पत्रं येतात म्हणून जरा नीट लिहिते.

पहिला : पाचच ठोकळे घ्यायचे. त्यांचा एक भित्रा माणूस करायचा. मग तेच पाच, एकही न बदलता, बढाईखोर करायचा. मग दमलेला. मूल लगेच शोधून काढतं की मोठा ठोकळा वर गेला की माणूस दादागिरी करतो, खाली आला की शांत होतो, आणि डोक्याचा ठोकळा थोडा पुढे सरकवला की माणूस वाकून काहीतरी शोधायला लागतो. ठोकळे कमी असणं हीच इथे मदत आहे. शंभरच्या शंभर समोर असले की मूल रचत जातं, पाच असले की विचार करतं. तुम्हीही खेळा, पण आपला माणूस करा, तिचा सुधारू नका.

दुसरा : रात्री दिवा मालवून ठोकळ्यांच्या माणसामागे टॉर्च धरा आणि भिंतीवर सावली पाडा. फक्त सावलीवरून आजी कोण, आत्या कोण ओळखायचं. जे ओळखू येत नाही त्याची ठेवण बदलायची. चेहऱ्याशिवाय माणूस ओळखू यायला हवा, ही पात्र घडवण्यातली पहिली कसोटी मुलांना अशी खेळता खेळता उमगते. टॉर्च जवळ आणली की सावली मोठी होते, तेव्हा ढेरपोट्या मामा छतापर्यंत जाईल. त्या रात्री झोपायला उशीर होईल, एवढं मान्य करून ठेवा.

तुम्ही विचारता ते प्रश्नही जरा बदला. “हे काय आहे?” याला तिने “तुला नाही कळणार” म्हटलं असं तुम्ही लिहिता. मुलांना त्या प्रश्नात परीक्षा ऐकू येते. “हा कुठे निघालाय?” किंवा “आत्या कशामुळे चिडली?” असं विचारा. एका बैठकीत एकच, आणि उत्तर आलं नाही तरी चालेल. मात्र ती सांगू लागली तर तिच्याच शब्दांत एका वहीत उतरवून घ्या. वाक्य दुरुस्त न करता. पहिलीतल्या मुलीला आपलं बोलणं अक्षरात उमटताना दिसणं हे वाचनाकडे नेणारं मोठं बळ आहे. तारीख घाला. पात्राचा फोटो काढायचा तर जमिनीवर वाकून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, आणि तो तिला विचारल्याशिवाय नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

रात्री आवरण्याचा वाद साध्या सोयीने सुटू शकेल. एक पाट, किंवा प्लायचा एखादा मोठा तुकडा तिला कायमचा द्या. पाटावर आहे ते रात्री मोडायचं नाही, पाटाबाहेरचं सगळं खोक्यात. कोणाला पाटावर ठेवायचं हे ती ठरवील. त्या निवडीत कुठली माणसं तिला खरंच प्रिय आहेत हेही तुम्हाला कळेल. दिवाणाखाली पाट सरकवून ठेवता येतो.

ठोकळ्यांना वर्तुळं, कमानी कमी पडत असतील तर आणखी एखादा संच घेण्यापेक्षा सावंतवाडीच्या चितारआळीतली किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखकामाची एखाददुसरी वस्तू भर म्हणून आणा. एखादं लाकडी फळ, एखादी भिंगरी. वेगळ्या वजनाची, वेगळ्या गुळगुळीतपणाची वस्तू आली की पात्रांच्या जगात पाहुणा येतो. याच्याही आधी घरातले रिकामे रीळ, नारळाची करवंटी, समुद्रावरून आणलेले शिंपले काढा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या आसपास मिळणाऱ्या बिया, शिंपले, दगड, पानं यांवरच. वारल्यांचाच तो डहाणूचा मुलूख. महागड्या साधनाशिवाय मूल उत्तम शिकतं हे त्यांनी आपल्याच मातीत करून दाखवलं आहे.

काळजी कधी करावी, हेही सांगायला हवं. खेळ महिनोन् महिने तसूभरही बदलत नसेल, पात्रं एकमेकांशी काही बोलतच नसतील, किंवा मुलगी खेळाबाहेरही कुणाशी बोलणं टाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावं. तुमच्या पत्रातली लेक मात्र लग्नं लावते, बाजार भरवते आणि आजीला ठणकावून आपलं म्हणणं सांगते. मला तिची चिंता वाटत नाही. आजींना मात्र तिच्यासमोर मोकळेपणाने विचारू द्या, “मामाला लोळायलाच आवडतं का गं?” दोघींचं बिनसलेलं त्या एका प्रश्नाने जुळेल.

राहिला धाकटा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लहान भागांची जी चाचणी असते तिच्यातल्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी कुठलीही वस्तू त्याच्या हाती लागता कामा नये. म्हणजे संचातले सगळ्यात छोटे घन, टिकल्यांची पाकिटं, बटणं, मणी हे सगळं तो जागा असताना वर, जेवणाच्या टेबलावर. लेकीचा पाटही त्या वेळी टेबलावर जाऊ द्या, तिचं काम मोडणार नाही याची तिला खात्री हवी. “लहान आहे, मोडू दे” असं तिला सांगू नका. त्याला त्याचे वेगळे, मुठीत न मावणारे सात-आठ ठोकळे द्या. विकत आणणार असाल तर आयएसआय चिन्ह पाहून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते बंधनकारक आहे (नोंदणीकृत हस्तकलाकारांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे). सुताराकडच्या तुकड्यांतून करणार असाल तर त्याच्या ठोकळ्यांना रंग, वार्निश काही लावू नका. तो ते चावणारच आहे.